दोन धन्यांचा एक कारभारी

अठराव्या शतकातल्या मराठी राजकारणाने ‘साडेतीन शहाणे’ अशी एक यादी मागे ठेवली. पुण्याचे सखारामबापू बोकील, निजामाचे विठ्ठल सुंदर आणि नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण शहाणे, आणि तलवारीशी फारसा संबंध नाही म्हणून नाना फडणीस अर्धे. ही यादी कौतुकाने सांगितली जाते, पण त्या शहाणपणाने या चौघांचे शेवटी काय भले केले हे सहसा कोणी विचारत नाही. विठ्ठल सुंदर १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनाच्या लढाईत मारले गेले. सखारामबापूंना १७७९ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्याने, म्हणजे नानांनी, कैदेत टाकले आणि १७८१ मध्ये रायगडावर ते बंदी म्हणूनच वारले. खुद्द नानांना १७९७ च्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत दगा होऊन नगरच्या किल्ल्याची वाट धरावी लागली. पुढे ते कारभारावर परतले, पण ज्या दुसऱ्या बाजीरावाची चाकरी करायची त्याचा त्यांच्यावर आणि त्यांचा त्याच्यावर विश्वास शेवटपर्यंत बसला नाही. राहिले देवाजीपंत. तेही १७८१ मध्येच वारले, पण नागपूरच्या राज्याचा परराष्ट्र व्यवहार हातात असताना आणि धन्याची मर्जी शाबूत असताना. चौघांत असा शेवट एकट्या त्यांचाच.

याचे सोपे उत्तर असे देता येईल की देवाजीपंत बाकीच्यांपेक्षा जास्त शहाणे होते. ते मला पटत नाही. सखारामबापूंची बुद्धी कोणत्याही मापाने कमी नव्हती, आणि विठ्ठल सुंदरांनी तर १७६३ मध्ये संपूर्ण पेशवाई उलथण्याच्या बेतापर्यंत मजल मारली होती. फरक कारभाऱ्यांपेक्षा त्यांच्या धन्यांत होता, आणि त्याहूनही जास्त नागपूरच्या राज्याच्या घडणीत होता. जानोजी आणि मुधोजी या दोन भावांनी, एकमेकांचे वैरी असूनही, एकाच कारभाऱ्याला पाठीशी घातले. तेही अशा काळात, की जेव्हा त्याचा बळी देऊन आपली सुटका करून घेणे दोघांनाही सहज जमले असते. हे औदार्य नव्हते आणि दुबळेपणाही नव्हता. नागपूरच्या गादीला आपल्या रक्ताच्या माणसांपेक्षा असा माणूस जास्त सुरक्षित वाटत होता, आणि तसे वाटायला भक्कम कारणे होती.

ती कारणे पहिल्या रघूजींच्या मृत्यूपासून सुरू होतात. बंगालवर स्वाऱ्या करून १७५१ च्या तहाने ओडिशा आणि बंगालची १२ लाखांची चौथाई मिळवणारे रघूजी फेब्रुवारी १७५५ मध्ये वारले. मागे चार मुलगे. वयाने मोठे जानोजी, पण मुधोजींची आई थोरली राणी. एकाच्या बाजूला वय, दुसऱ्याच्या बाजूला आईचा मान, आणि दोघांच्या बाजूला फौजा. निकाल नागपुरात लागला नाही, तो पुण्यात लागला. नानासाहेब पेशव्यांनी जानोजींना ‘सेनासाहेब सुभा’ हे पद आणि मुधोजींना ‘सेनाधुरंधर’ ही पदवी व चांद्याचा मुलूख, अशी वाटणी करून दिली. बिंबाजी छत्तीसगडात रतनपुरास गेले, साबाजींना वऱ्हाडाकडचा भाग मिळाला. म्हणजे राज्य एक आणि राजघराण्यातली फौजबंद ठाणी चार, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या ठाण्याचे पद दुसऱ्याच्या वस्त्रांवर टिकलेले. भोसल्यांचे गाडे आणखी एका अर्थाने विचित्र होते. नागपूर वसवणाऱ्या बख्तबुलंदाच्या घराण्यातला गोंड राजा अजून शहरात नामधारी सत्ताधीश म्हणून बसलेला होता आणि भोसले त्याच्या नावाआडून राज्य करीत होते. सत्ता खरी, पण तिचा प्रत्येक कागद दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने. अशा राज्यात कागद जाणणाऱ्या माणसाची किंमत तलवार जाणणाऱ्यापेक्षा कमी नसते.

दिवाकर पुरुषोत्तम चोरघडे, म्हणजेच देवाजीपंत, हे नरखेडचे. आज संत्र्यांच्या व्यापारासाठी ओळखले जाणारे काटोलच्या पलीकडचे हेच ते नरखेड. भाऊबंदकीने पोखरलेल्या दरबारात पंतांचा सर्वांत मोठा गुण त्यांच्या बुद्धीत नव्हता, तो त्यांच्या जन्मात होता: त्यांना गादीवर हक्क सांगता येत नव्हता. जानोजींना मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी यांपैकी कोणालाही पूर्ण अधिकार देणे म्हणजे उद्याचा प्रतिस्पर्धी आजच पोसणे होते. कारभाऱ्याचे तसे नव्हते. तो कितीही मोठा झाला तरी धन्याच्या नावाशिवाय त्याला उभे राहता येत नव्हते. पुण्यात हे गणित चालत नव्हते, कारण तिथे कारभाऱ्याचेच घराणे गादीवर होते. पेशवाच मुळात छत्रपतींचा प्रधान, आणि त्या प्रधानाच्या घरात काका-पुतण्यांचे वैर. सखारामबापूंची सारी कारकीर्द राघोबादादा आणि माधवराव यांच्या मधल्या फटीत गेली. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर तर पुण्यात वयात आलेला, सर्वांना मान्य असा धनीच उरला नाही. बारभाईंच्या राज्यात, म्हणजे कारभाऱ्यांच्याच मंडळात, पाठराखण करणार कोण? बापू नानांच्या कैदेत गेले तेव्हा त्यांच्या बाजूने हात उचलणारा कोणी धनी नव्हता, कारण ज्याच्या नावाने राज्य चालले होते तो सवाई माधवराव पाच वर्षांचा होता.

आता जानोजींच्या काळातला कठीण भाग. १७६३ मध्ये निजामअली आणि विठ्ठल सुंदर यांनी जानोजींपुढे मोठे आमिष टाकले. साताऱ्याच्या रामराजांना बाजूला सारून भोसल्यांनीच छत्रपती व्हावे. पानिपताला दोन वर्षे झाली होती, पेशवा विशीच्या आतला, घरात काकाशी धुसफूस. जानोजी निजामाला मिळाले आणि त्या वर्षी दोघांच्या फौजांनी पुणे लुटले, जाळले. पण राक्षसभुवनाच्या आधी पेशव्यांनी ३२ लाखांच्या मुलुखाचे वचन दिले आणि जानोजी बाजूला झाले. निजामाचा पराभव झाला, विठ्ठल सुंदर पडले, भोसल्यांना मुलूख मिळाला. फायदा दिसायला मोठा होता, पण एका मोसमात दोनदा बाजू बदललेल्या माणसावर माधवरावांसारखा पेशवा विश्वास ठेवणार नव्हता. १७६६ मध्ये पेशवे आणि निजाम मिळून भोसल्यांवर आले आणि दर्यापूरच्या तहाने ३२ पैकी २४ लाखांचा मुलूख परत गेला. मग १७६८ मध्ये राघोबादादांनी धोडप येथे बंड केले. जानोजी त्यांना सामील आहेत हे उघड होते. १७६९ च्या आरंभी माधवराव स्वतः वऱ्हाडावर आणि नागपूरवर आले. नागपूर लुटले गेले. जानोजींनी समोरासमोर लढाई टाळून पेशव्यांच्या मुलुखात धुमाकूळ घातला आणि पुण्यापर्यंत घबराट पोचवली. शेवटी २३ मार्च १७६९ रोजी कनकापूरचा तह झाला. उरलेला ८ लाखांचा मुलूख परत, दरसाल ५ लाखांची खंडणी, फौज वाढवायची तर पेशव्यांची परवानगी, आणि दिल्ली, अयोध्या, निजाम किंवा इंग्रज यांच्याशी स्वतंत्र राजकारण करायचे नाही. हे शेवटचे कलम लक्षात ठेवावे, ते पुढे लागणार आहे.

सहा वर्षांत ३२ लाखांचा मुलूख आला आणि गेला, राजधानी लुटली गेली, स्वातंत्र्य कागदावर गहाण पडले. कुठल्याही दरबारात अशा वेळी पहिला सवाल एकच होतो: हा सल्ला दिला कोणी? इतिहासात याचे नेहमीचे उत्तर म्हणजे मंत्र्याला पुढे करणे. इंग्लंडचा पहिला चार्ल्स याने आपला मंत्री स्ट्रॅफर्ड याच्या जिवाला धक्का लागू देणार नाही असे वचन दिले होते, आणि लंडनमध्ये दंगा वाढताच मे १६४१ मध्ये त्याच्याच मृत्युदंडाच्या हुकमावर सही केली. आठ वर्षांनी त्या राजाचेही डोके उडाले, ही गोष्ट वेगळी. मराठी राज्यात याच्या उलट एक दाखला होता. १७११ मध्ये सेनापती चंद्रसेन जाधव बाळाजी विश्वनाथांच्या जिवावर उठले. त्यांना ताब्यात द्या, नाहीतर मी चाललो, अशी पाळी आली. शाहू महाराजांनी बाळाजींना दिले नाही. सेनापती गमावला, आणि दोन वर्षांनी त्याच बाळाजींना पेशवाईची वस्त्रे दिली. जानोजींपुढे दोन्ही वाटा होत्या. १७६९ नंतर देवाजीपंतांना दूर करून माधवरावांना ‘सगळे कारभाऱ्याचे कारस्थान होते’ असे कळवणे अवघड नव्हते. उलट ते सोयीचे होते. त्यांनी ते केले नाही.

नागपूरच्या जुन्या आख्यानांत तर त्या स्वारीत पंत पेशव्यांच्या छावणीत नजरकैदेत असताना तिथूनच धन्याला मसलत पोचवीत होते, असे रंगवून सांगतात. अशा कथांतली प्रत्येक ओळ खरी धरायचे कारण नाही. एवढे मात्र त्यांतून निघते, की जानोजी आणि पंत यांची जोडी फोडता येते असे त्या काळच्या लोकांना वाटत नव्हते. या सगळ्या वर्षांत धनी आणि चाकर यांच्यात कधी कुरबूर झालीच नाही असा दावा करणे भाबडेपणाचे होईल. पाठराखणीची कसोटी कुरबुरीवर लागत नाही, संकटाच्या अखेरीस माणूस जागेवर आहे की नाही यावर लागते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. जानोजींनी पंतांना ठेवले कारण चुका पंतांच्या नव्हत्याच, त्या धन्याच्या होत्या. छत्रपतिपदाचा मोह राजाचा, राघोबादादांशी सलगी राजाची, तर शिक्षा कारभाऱ्याला का? आक्षेप रास्त आहे, पण त्याने माझे म्हणणे खोडले जात नाही, पक्के होते. स्वतःच्या चुकांचे खापर दुसऱ्यावर फोडण्याची सोय असताना जो राजा ती वापरत नाही, त्याच्या हिशेबात त्या दुसऱ्या माणसाची किंमत जास्त भरते. ती किंमत कशाची? वकिलांच्या जाळ्याची. नागपूरची भौगोलिक जागा अशी की पश्चिमेला पेशवे, दक्षिणेला निजाम, पूर्वेला कटकमार्गे कलकत्त्याचे इंग्रज, उत्तरेला अयोध्या आणि बुंदेलखंड. पुण्याचा शत्रू तो नागपूरचा मित्र, असे सोपे समीकरण तिथे चालत नव्हते. चारही दिशांना बोलणी एकाच वेळी चालू ठेवावी लागत. बंगालची चौथाई इंग्रजांनी थकवली होती, कटक त्यांना हवे होते, आणि त्या बोलण्यांसाठी भोसल्यांचे वकील १७६० च्या दशकापासून कलकत्त्यास जात होते. ही बोलणी दप्तरात जेवढी असतात त्याहून जास्त माणसांत असतात. कोणी कोणाला काय शब्द दिला, कोणता सावकार कोणत्या हुंडीला जामीन आहे, कोणत्या दरबारात कोणाचे ऐकले जाते. कारभारी बदलला की हे सारे पुन्हा पहिल्यापासून. धनवान राज्याला ते परवडते. लुटून गेलेल्या नागपूरला परवडत नव्हते.

मे १७७२ मध्ये जानोजी वारले. पोटी संतान नव्हते, म्हणून मुधोजींचा मुलगा रघूजी याला दत्तक घ्यायचे त्यांनी योजले होते. पण त्यांची विधवा दर्याबाई यांनी साबाजींची बाजू घेतली आणि भावाभावांचे युद्ध पेटले. पुण्यात नारायणराव असताना साबाजींना मान्यता, दादांचे वर्चस्व होताच मुधोजींना, बारभाई आले की पुन्हा साबाजींना, असे सेनासाहेब सुभ्याचे पद तीन वर्षे इकडून तिकडे फिरत राहिले. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेला काही कोसांवर पाचगाव येथे त्याचा निकाल लागला. मुधोजी हरल्यातच जमा होते. साबाजी हत्तीवरून त्यांना शरण यायला सांगत पुढे सरसावले, आणि मुधोजींनी पिस्तूल झाडून भावाला जागीच ठार केले. युद्धही तिथेच संपले.

भावाला गोळी घालून सत्ता मिळवणारा माणूस मागच्या धन्याचा कारभारी ठेवील अशी अपेक्षा कोणी करणार नाही. जानोजींच्या नागपुरातल्या सत्तेचे देवाजीपंत हे प्रमुख अंग होते, आणि त्या सत्तेशी मुधोजींचे वीस वर्षांचे वाकडे. तरी पुढच्या सहा वर्षांत नागपूरच्या प्रत्येक मोठ्या मसलतीत पंतच दिसतात. कंपनीचा कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या पत्रव्यवहारात वारंवार येणारे ‘दिवाकर पंडित’ ते हेच. मुधोजी दुबळे होते म्हणून कारभाऱ्याच्या मुठीत गेले, हा दुसरा आक्षेप पाचगावच्या रणात निकालात निघतो. दुबळ्या माणसाचा हात अशा वेळी थरथरतो. मुधोजींनी पंतांना ठेवले ते पुन्हा तोच हिशेब करून. मुधोजी स्वतः तांत्रिकदृष्ट्या राजाही नव्हते, अल्पवयीन मुलाच्या नावाने ते कारभार पाहत होते. भाऊबंदांत विश्वास ठेवावा असा कोणी उरला नव्हता, आणि साबाजींना मारल्यावर तर उरणेही शक्य नव्हते.

या निवडीचे फळ १७७८ मध्ये दिसले, आणि सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा तोच आहे. डिसेंबर १७७७ मध्ये साताऱ्याचे रामराजे वारले. हेस्टिंग्जच्या मनात पुण्याला शह द्यायचा होता. त्याने मुधोजींना सुचवले, की तुम्ही भोसले आहात, छत्रपतिपदावर हक्क सांगा, कंपनी मागे उभी राहील. बोलणी करायला अलेक्झांडर एलियट या विश्वासू माणसाला त्याने कलकत्त्याहून धाडले. एलियट वाटेतच सारंगगडजवळ सप्टेंबर १७७८ मध्ये तापाने मेला. पण बोलणी थांबली नाहीत, इंग्रजांच्या कर्नल गॉडर्डची पलटण बुंदेलखंडातून नर्मदेकडे येतच होती. आमिष अक्षरशः तेच होते, जे पंधरा वर्षांपूर्वी निजामाने जानोजींना दाखवले होते. त्या वेळी जानोजी भुलले आणि सहा वर्षांत सगळे घालवून बसले. या वेळी नागपूरने गोड पत्रे लिहिली, गॉडर्डला वाट दिली, रसद दिली, आणि छत्रपतिपदाचे काही केल्या मनावर घेतले नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईकर इंग्रजांना शरणचिठ्ठी लिहून द्यावी लागली, तेव्हा हे न घेणे किती शहाणपणाचे होते ते उघडच झाले. दोन प्रसंगांच्या मधे धनी बदलला होता, सल्लागार तोच होता. मुधोजींनी जानोजींच्या माणसाला ठेवून जानोजींच्या चुकीची आठवणही ठेवून घेतली. हे श्रेय एकट्या पंतांना देण्याचे कारण नाही, मोह टाळायला मोह होणारा माणूसही तयार असावा लागतो. पण आठवण ज्याच्या डोक्यात होती तो दरबारात होता, हे धन्याच्या पाठिंब्यानेच घडले.

त्यानंतरची दोन वर्षे या जोडीच्या कसोटीची. नाना फडणीसांनी हैदर, निजाम आणि भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका कटात गुंफले. भोसल्यांच्या वाट्याला बंगालवर चालून जाणे आले. ऑक्टोबर १७७९ मध्ये मुधोजींचा मुलगा चिमणाजी सुमारे ३०,००० स्वार घेऊन निघाला आणि कटकला पोचायला त्याला पुढच्या वर्षाचा मे उजाडला. एवढी फौज एवढी सावकाश चालते तेव्हा ती चालायला नाराज असते. पुण्याला दाखवायला स्वारी चालू होती आणि कलकत्त्याला समजवायला बेनीराम पंडित हा नागपूरचा वकील हेस्टिंग्जजवळ बसून होता. आधी ३ लाख, मग १३ लाख आणि वर १० लाखांचे कर्ज, अशी रक्कम इंग्रजांकडून आली. कर्नल पिअर्सची पलटण १७८१ मध्ये ओडिशातून बिनधोक मद्रासकडे गेली. बंगालवर एकही घोडा उतरला नाही. कनकापूरच्या तहात जे कलम बजावून घातले होते, इंग्रजांशी स्वतंत्र राजकारण करायचे नाही, त्याच कलमाच्या चिंधड्या झाल्या.

इथे तिसरा आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. पुण्याच्या इतिहासकारांनी या व्यवहाराला फितुरी म्हटले आहे, आणि ज्या कारभाऱ्याने फितुरी रचली त्याची पाठराखण करणाऱ्या धन्याचे कौतुक कसले? मी या आक्षेपाला अर्धी मान्यता देतो. १७८० मध्ये हैदरने कर्नाटकात इंग्रजांना जेरीस आणले होते, गॉडर्ड पश्चिमेला अडकला होता, आणि त्याच वेळी बंगालमध्ये भोसल्यांचे स्वार घुसले असते तर हेस्टिंग्जला पैसा आणि माणसे दोन्ही पुरवता आली नसती. मराठी सत्तेच्या दृष्टीने ती संधी वाया गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नागपूरच्या जागेवर बसून पाहिले तर पंधरा वर्षांत दोनदा पेशव्यांच्या फौजांनी त्यांचा मुलूख तुडवला होता, खंडणी लादली होती, गादीचा निकाल स्वतःच्या सोयीने फिरवला होता. त्याच पुण्यासाठी बंगालचे उत्पन्न आणि कटक धोक्यात घालावे, असे मुधोजींनी का मानावे? पंतांची नजर वऱ्हाड ते महानदी एवढ्या पट्ट्यापुरती होती. त्या पट्ट्याबाहेर ती गेली नाही, ही त्यांच्या शहाणपणाची मर्यादा. आणि धन्याने त्यांना पूर्ण मोकळीक दिल्यामुळे ती मर्यादा दाखवून देणारा दुसरा आवाज दरबारात उरला नाही, ही पाठराखणीची किंमत. ज्या गुणाने १७७८ मध्ये राज्य वाचवले तोच १७८० मध्ये आंधळा ठरला, असे मी म्हणेन. पंत पुण्याच्या ब्राह्मणांचे हस्तक होते ही शंका मात्र या प्रकरणानंतर घेता येत नाही. पुण्याच्या मनाविरुद्ध जाऊनच त्यांनी हे सारे केले होते.

पुणे संतापले तेव्हाही मुधोजींना जुनी वाट उपलब्ध होती. कारभाऱ्याने परस्पर कलकत्त्याशी संधान बांधले, असे लिहून नानांचा राग पंतांवर वळवता आला असता. वकील पंतांचा, पत्रे पंतांची, पुरावा तयारच होता. कदाचित दुहेरी राजकारणाची सारी रचनाच अशी होती, की उद्या गरज पडली तर धन्याला हात झटकता यावेत. गरज पडली, धन्याने हात झटकले नाहीत. १७८१ मध्ये देवाजीपंत वारले. बेनीराम पुढे बनारसमध्ये राजा चेतसिंगाच्या उठावात अडकलेल्या हेस्टिंग्जला लाखभर रुपये देऊ करण्याइतका इंग्रजांचा झाला, आणि त्याला इंग्रजांची जहागीरही मिळाली. धन्यापाठोपाठ चाकर बदलण्याची रीत इथे उलटी झाली, कारभारी गेला आणि त्याचे जाळे दुसऱ्या धन्याच्या पदरी पडू लागले.

मुधोजी १७८८ मध्ये वारले आणि दुसरे रघूजी खऱ्या अर्थाने राज्यावर आले. त्यांनी कारभाराची बरीच सूत्रे स्वतःकडे ठेवली. दरबारात जाणती माणसे होती, श्रीधर लक्ष्मण मुनशी होते, पण पंतांसारखा मोकळा हात कोणाला मिळाला नाही. सुरुवातीला ते खपले, राज्य वाढलेही. १८०३ मध्ये शिंद्यांच्या जोडीने रघूजी इंग्रजांशी लढायला उतरले, असई आणि अडगावला हरले, गाविलगड गेला, आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड, म्हणजे ज्यांसाठी पंतांनी सारी कसरत केली ते दोन्ही मुलूख, एकाच सहीने गेले. एक कारभारी असता तर हे टळले असते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण तोवर इंग्रज १७८० चे राहिले नव्हते. पण चार दिशांच्या बोलण्यांत एकाच वेळी बोट ठेवून बसलेला माणूस त्या वर्षी नागपुरात नव्हता, हे मात्र खरे.

रघूजी १८१६ मध्ये वारल्यावर परसोजी या असमर्थ राजाच्या नावाने त्याचे चुलतभाऊ अप्पासाहेब यांनी २७ मे १८१६ रोजी तैनाती फौजेचा तह केला. नागोपंत, नारायण पंडित, रामचंद्र वाघ असे कारभारी या काळात पुढे आले आणि मागे गेले, आणि त्यांच्यातल्या कोणाची उचल होते, कोणाची पडझड, हे सीताबर्डीवरच्या रेसिडेन्सीकडे पाहूनच ठरू लागले. नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट जेन्किन्सने परसोजींनंतर गादीवर बसलेल्या अप्पासाहेबांना अटक केली, तेव्हा नागोपंत आणि रामचंद्र वाघ यांनाही बरोबरच धरले. अप्पासाहेब वाटेतून निसटले. नवा राजा अल्पवयीन होता, आणि १ डिसेंबर १८२६ च्या तहापर्यंत नागपूरचा कारभार जेन्किन्सच्या हाती राहिला.